छाट

पहाटे साडेचारला कुंभारीच्या घरकुलात
आम्ही दोघंच जागे. आई नळासाठी, मी बेसबॉलसाठी.
चार दिवसांआड येणारं पाणी आणि रोजची मॅच,
दोन्हींचा पहिला आवाज एकच :
आधी नुसती हवा.

तिकडे अजून कालची संध्याकाळ आहे.
कालच्या दिवसावर आजचे पैसे लावायचे
हे आईला समजावता आलेलं नाही.

माझी दोनशे पानी वही आहे.
डाव्या पानावर पिचर, उजव्यावर बॅटर.
डावखुऱ्यासमोर डावखुरा आला की
बाहेर वळत जाणारा चेंडू त्याला सापडत नाही.
उजव्याला तोच चेंडू
ताटात वाढल्यासारखा.
नव्वद चेंडूंनंतर कुणाचा खांदा उतरतो,
कोण दिवसाउजेडी ढेपाळतो,
डोंगरावरच्या मैदानात, विरळ हवेत,
मारलेला चेंडू किती पावलं जास्त जातो.
मी विमानात बसलेलो नाही.
तो चेंडू हातातसुद्धा धरलेला नाही.
पण सत्तावीस नंबरवाल्याचं कोपर कधी दुखणार
ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं.

अंबादास गुंडेली, ज्याच्याकडे पैसे जमा करायचे,
म्हणतो, "बाकीचे जर्सीचा रंग बघून लावतात.
तू अभ्यास करतोस."
मला ते खरं वाटतं.
त्यावरच त्याचं घर चालतं.

जूनपर्यंत अकरा हजार वर होतो.
मग तो मंगळवार.
समोरच्या टीमनं आयत्या वेळी एक नवं पोरगं उतरवलं,
डावखुरं, आदल्या रात्री कुठल्याशा गावातून बोलावलेलं.
आमचा पिचरही डावखुरा.
वहीत पोराच्या नावापुढे सगळे रकाने मोकळे :
नऊ वेळा बॅट हातात, एकदा लागलेली.
समासात मीच पेन्सिलीनं लिहिलं होतं,
"माहिती कमी."
आणि तरी.

आठव्या इनिंगला त्यानं चेंडू
दिव्यांच्याही पलीकडे पाठवला.
चौदा हजार.
आईच्या बिड्यांत ते किती हजार होतात
ते काढलं, आणि खोडलं.

"किती?" आईनं विचारलं.
मी निम्मे सांगितले.
ती काही बोलली नाही. सूप मांडीवर घेतलं,
भिंतीपलीकडे हाक दिली,
"रत्नव्वा, आज चेकर कोण बसलाय गं?"
"इरण्णा."
तशी तिनं कापलेली निम्मी पानं बाजूला सारली,
फडक्यातली दुसरी, ओलसर, काढली.

असं का, म्हटलं.
"इरण्णा तोंड बघतो बिडीचं. मल्लय्या वजन बघतो.
इरण्णा सोमवारी हजारात साठ छाटतो,
पगाराच्या आठवड्यात चाळीस.
मल्लय्या शंभर काढायचा,
पोरीचं लग्न ठरल्यापासून वीसवर आलाय."
"हे लिहिलंयस कुठं?"
तिनं बोटं पुढे केली.
एकतीस वर्षांची पिवळी पडलेली नखं,
दोऱ्यानं पडलेली खाच.

"मग तू जिंकतेस म्हण की."
"जिंकते कशाची? छाटीचे पैसे देत नाहीत,
अन् छाट परतही देत नाहीत.
मी फक्त कमी हरते."

पुढच्या पाण्याला
ती घागर लावून माझ्याजवळ येऊन बसली.
मोबाइलवर हिरवं मैदान. वही बंद होती.
बंद म्हणजे, बोट घालून ठेवलेली.
"त्या नऊवेळावाल्या पोराचं काय झालं?"
"त्यानंतर अकरा वेळा आला. एकदाही लागली नाही."
"तरी ठेवलंय त्याला?"
"ठेवलंय."

नळानं खाकरल्यासारखं केलं.
ती गुडघ्यावर हात टेकून उठली.
"मग त्याचा चेकर बरा आहे," म्हणाली,
आणि घागर सरळ केली.